नाकातले व्यंजन आणि नाकातला स्वर



पहिली-दुसरीच्या वर्गात नेहमी ऐकू येणारी एक आज्ञा आहे : ‘नीट म्हण, नाकातून म्हण.’ मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते आणि शिक्षक त्याला ही आज्ञा करतात. मूल आज्ञाधारक असते. ते नाकावर जोर देते आणि पुन्हा ‘पानी’च म्हणते, फक्त या खेपेस ते अधिक गेंगाणे होते. वर्ग हसतो आणि मूल खाली बसते. या प्रसंगी चूक मुलाची नसून आज्ञेची असते. ‘न’ हा वर्ण ‘ण’ इतकाच नाकातून येतो. मूल जे आधीपासून करीत आहे तेच करावयास त्याला सांगितले गेले आणि जे करावयास हवे ते कोणी सांगितलेच नाही.

‘नाकातून उच्चार’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे ङ, ञ, ण, न, म ही व्यंजने. दुसरी म्हणजे नाकाचा रंग चढलेला स्वर. नकार देताना प्रत्येक मराठी माणूस ‘अंहं’ म्हणतो. नीट ऐकू आले नाही म्हणजे ‘आं?’ असे विचारतो. ते सर्व अशा स्वराचे नमुने होत. सोयीसाठी पहिल्या प्रकारास नासिक्य व्यंजन आणि दुसऱ्यास सानुनासिक स्वर म्हणावे. शालेय व्याकरणात दोहोंसाठी ‘अनुनासिक’ हे एकच नाव वापरण्याचा प्रघात आहे. पाणिनीने मुख आणि नासिका या दोहोंच्या योगे उच्चारल्या जाणाऱ्या वर्णास अनुनासिक म्हटले, आणि ही व्याख्या दोन्ही प्रकारांना लागू पडते. व्याख्येत काही उणे नाही. मात्र वर्गात शिकविणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : नाक उघडे असताना तोंड बंद आहे की उघडे? या प्रश्नात दोहोंमधला सर्व भेद आला.

हा भेद ठाऊक नसला म्हणजे शाळेत चार निरनिराळ्या गोष्टी ‘अशुद्ध उच्चार’ या एकाच सदरात पडतात : जिभेची सवय, घरची बोली, लेखनाचा नियम आणि शरीराचा दोष. चौघींवरील उपाय वेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला तर मूल सुधारत नाही. ते फक्त गप्प होते. म्हणून हा विषय पंडितांपुरता नसून पहिलीच्या शिक्षकाचा आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. जीभ वरच्या दातांमागून टाळूवर मागे मागे नेली तर टाळूचा पुढचा भाग कठीण आणि मागचा भाग मऊ लागतो. या मऊ भागाच्या टोकाशी पडजीभ लोंबते. मऊ टाळू हा एक हलता पडदा आहे. तो वर उचलून घशाच्या मागच्या भिंतीस टेकला की नाकाकडे जाणारी वाट बंद होते आणि सर्व हवा तोंडावाटे बाहेर पडते. तो खाली सोडला की नाकाची वाट मोकळी होते. बोलताना हा पडदा क्षणाक्षणाला वर-खाली होत असतो आणि बोलणाऱ्यास त्याची जाणीवही नसते.

आता तीन प्रयोग वर्गातच करून पाहावेत. त्यांना साहित्य काही लागत नाही. दोन बोटे पुरतात. ‘आ’ असा दीर्घ स्वर लावून मध्येच नाक चिमटीत धरावे. आवाजात फरक पडत नाही, कारण पडदा वर आहे आणि नाकातून हवा जातच नाही. नंतर ओठ मिटून ‘म्‌’ असा घुमता आवाज लावावा आणि नाक धरावे. आवाज तत्काळ थांबतो. तोंड आधीच बंद होते. राहिलेली एकच वाट बोटांनी बंद केली. शेवटी ‘आं’ असा नाकातला स्वर लावून नाक धरावे. आवाज थांबत नाही, पण कोंडल्यासारखा होतो. येथे हवा दोन्ही वाटांनी जात होती. त्यांपैकी एक बंद झाली.

या तीन प्रयोगांत सर्व विषय आला. शुद्ध स्वराला एक वाट, तोंडाची. नासिक्य व्यंजनालाही एक वाट, नाकाची. सानुनासिक स्वराला दोन्ही वाटा. गोष्ट ऐकताना मूल हुंकार देते, तेव्हा ओठ उघडे असतील तर तो सानुनासिक स्वर असतो. तोच हुंकार ओठ मिटून दिला की ‘म्‌’ हे व्यंजन होते. मध्ये बदलले ते फक्त ओठ.

नासिक्य व्यंजनात तोंड बंद होते, पण ते कोठे बंद होते यावरून पाच वर्ण ठरतात. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागला की ङ. मधला भाग कठीण टाळूला लागला की ञ. शेंडा मागे वळून टाळूला लागला की ण. शेंडा दातांच्या मागे लागला की न. दोन्ही ओठ मिटले की म. वर्णमालेत प्रत्येक वर्गाच्या शेवटी एकेक नासिक्य व्यंजन बसविले आहे ते याच कारणाने. ब म्हणताना तोंडाची जी स्थिती असते तीच म म्हणताना असते. फरक फक्त पडद्याचा. द आणि न, ड आणि ण, ग आणि ङ यांचेही तसेच. सर्दीने नाक चोंदलेले मूल ‘माझे नाक’ म्हणावयास जाते आणि ‘बाझे दाक’ असे काहीसे ऐकू येते. नाकाची वाट नसली म्हणजे म हा ब होतो आणि न हा द होतो. सर्दी ही ध्वनिशास्त्राची फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे.

या ज्ञानाचा उपयोग कसा करावा हे पाहण्यासाठी एक ठिकाण उदाहरणादाखल घेऊ. ठाणे जिल्ह्यात नवी मुंबईत सीवूड्स नावाची वस्ती आहे. हार्बर मार्गावर नेरूळ आणि बेलापूर यांच्यामध्ये तिचे रेल्वे-स्थानक आहे आणि त्याच्या नावात सीवूड्स आणि दारावे हे दोन शब्द शेजारी बसले आहेत. पहिला नव्या वसाहतीचा, दुसरा जुन्या गावाचा. करावे हे जवळचेच दुसरे गाव. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या परिसरात हे नवे शहर वसविले, तेव्हा आगरी-कोळी वस्तीची ही गावे शहराच्या पोटात आली. आज तेथे आगरी बोलणारे घर, कोकणी बोलणारे घर, हिंदी बोलणारे घर आणि मल्याळम बोलणारे घर एकाच रस्त्यावर असू शकते. हा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत येतो, जिल्हा परिषदेच्या नव्हे. तथापि खेड्यातील शिक्षकाला ज्या बोली एकेक करून भेटतात त्या तेथे एका वर्गात भेटतात. आणि वीटभट्टी, बंदर व बांधकाम यांच्या कामाने हिंडणाऱ्या कुटुंबांमुळे खेड्यातील वर्गही त्याच वाटेला लागले आहेत.

अशा वर्गात रेल्वेच्या स्थानकांची नावे हाच पहिला पाठ करता येतो. वाशीपासून पनवेलपर्यंत क्रमाने नावे अशी : वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स–दारावे, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. मुलांनी नाक धरून एकेक नाव म्हणावे. वाशी, सीवूड्स–दारावे, बेलापूर आणि खारघर ही चार नावे नाक धरूनही जशीच्या तशी म्हणता येतात, कारण त्यांत नाकातला एकही वर्ण नाही. उरलेल्या सहा नावांत कोठे ना कोठे न किंवा म येतो आणि तेथे आवाज अडतो. ‘खांदेश्वर’मध्ये न लिहिलेला नाही, केवळ टिंब आहे, पण नाक धरताच तो सापडतो. मुले हा खेळ आनंदाने खेळतात आणि खेळता खेळता अनुस्वार म्हणजे डोक्यावरचे शोभेचे टिंब नव्हे, हे त्यांना उमगते. ज्या गावी रेल्वे नाही तेथे एस. टी. च्या मार्गावरील गावांची नावे घ्यावीत. पाठ तोच राहतो.

आता ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलांकडे वळू. आगरी-कोळी बोलीत ण च्या जागी न येतो. त्या घरात ‘पानी’ हा अशुद्ध शब्द नाही. तो आजीचा शब्द आहे. हिंदी घरातले मूलही ‘पानी’ म्हणते, कारण हिंदीतला शब्दच तो आहे. मल्याळम घरातले मूल मात्र मराठी बोलण्यास नुकतेच लागलेले असूनही ‘पाणी’ व्यवस्थित म्हणते. ‘ओणम’ या त्याच्या सणाच्या नावातच ण आहे. म्हणजे ‘ण’ येणे वा न येणे हे हुशारीचे लक्षण नाही. ज्या जिभेला ती जागा घरी मिळाली तिला ती येते.

ज्यांना मिळाली नाही त्यांना ती शिकवता येते, आणि त्यासाठी नाकाचा उल्लेखही करावा लागत नाही. ‘पानी’ म्हणणारे मूल ‘घंटा’ म्हणते, ‘अंडा’ म्हणते, ‘खंडू’ म्हणते. या शब्दांत ट आणि ड यांच्यासाठी जीभ मागे वळतेच, आणि ती वळलेली असतानाच नाकातला ध्वनी निघतो. तो ‘ण’च होय. मुलाला ण येत नाही असे नाही. तो ट-ड च्या सोबतीशिवाय एकट्याने येत नाही, एवढेच. म्हणून प्रथम ‘अंडा’ म्हणवून घ्यावे. मग ‘अं’वर लांबण लावून ‘अण्ण्‌ण्‌डा’ असे म्हणवावे. मग ‘डा’ गाळून जीभ तेथेच धरावयास सांगावे. मग त्या जागेवरून ‘अणा’, ‘आणा’, ‘पाणी’ असे पुढे न्यावे. काही दिवस रोज थोडा वेळ एवढे पुरे होते. घरी मुलाने ‘पानी’च म्हटले तर त्यास मना करू नये. घरची बोली घरी आणि पुस्तकाची बोली पुस्तकापाशी, अशा दोन जागा मूल सहज सांभाळते. फक्त एकीने दुसरीला खोटे ठरविता कामा नये.

वर्णमाला शिकविताना ङ आणि ञ यांची जी उपेक्षा होते तिचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ वर्गांत ङ हा टिंब दिलेला ड म्हणून वाचला जातो, आणि पुढे तेच मूल ‘वाङ्मय’ हा शब्द ‘वाड्मय’ असा वाचते. ‘गंगा’ म्हणताना ‘गं’वर थांबावे आणि जीभ कोठे आहे ते मुलांस विचारावे. जी जागा सापडेल ती ङ ची. ‘पंच’ म्हणताना तसेच थांबले तर ञ सापडतो. एकच टिंब ‘गंगा’, ‘पंच’, ‘घंटा’, ‘अंत’ आणि ‘आंबा’ या पाच शब्दांत पाच निरनिराळे वर्ण दाखविते. पुढे येणारे अक्षर पाहून जीभ आपोआप जागा घेते. मुलास ती पाठ करावी लागत नाही.

तथापि टिंबाचे काम येथे संपत नाही. ‘हंस’, ‘संवाद’, ‘संरक्षण’, ‘सिंह’ या शब्दांत टिंबापुढे जी अक्षरे आहेत त्यांच्यासाठी तोंड पुरते बंद होत नाही. म्हणून मराठी उच्चारात येथे नासिक्य व्यंजन येत नाही. ओठ किंचित गोल होऊन व सारखा ध्वनी निघतो आणि त्याला नाकाचा रंग असतो. ‘संयम’मध्ये तो य सारखा होतो, ‘संलग्न’मध्ये ल सारखा. तोंड उघडे असल्यामुळे हा ध्वनी सानुनासिक स्वराच्या कुळातला आहे. हिंदी घरातले मूल ‘हंस’ हा शब्द ‘हन्स’ असा म्हणते. त्याच्या भाषेत तो उच्चार बरोबर आहे. हिंदीत ‘हंस’ हा पक्षी आणि ‘हँस’ म्हणजे हास, असा भेद आहे. पहिल्यात न्‌ आणि दुसऱ्यात नाकातला अ. तो दाखविण्यासाठी हिंदीने टिंब आणि चंद्रबिंदू अशी दोन चिन्हे ठेविली.

श्रुतलेखनात एखादे मूल ‘संरक्षण’ऐवजी ‘सौरक्षण’ लिहिते. शिक्षक लाल रेघ ओढतात. रेघ ओढणे भाग आहे, पण त्या मुलाच्या कानाची प्रशंसाही केली पाहिजे. त्याने व सारखा ध्वनी खरोखर ऐकला आणि ऐकले ते लिहिले. त्याला सांगावयाचे ते एवढेच की, य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी हा ध्वनी आपण टिंबाने दाखवितो. ऐकण्याची चूक आणि लिहिण्याचा नियम न ठाऊक असणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांना एकच शेरा देणे अन्यायाचे होय.

लेखनाच्या नियमाचा इतिहासही शिक्षकास ठाऊक असावा. जुन्या छापील मराठीत नांव, गांव, पांच, दांत, कांटा असे टिंब असे. संस्कृतातील नाम, ग्राम, पञ्च, दन्त, कण्टक या शब्दांतील नासिक्य व्यंजन झिजले आणि जाता जाता त्याने आपला रंग शेजारच्या स्वराला दिला. व्यंजन गेले आणि स्वर सानुनासिक झाला. त्या स्वराची खूण म्हणजे ते टिंब. पुढे प्रमाण बोलण्यातून तो रंगही उडाला आणि टिंब मात्र कागदावर राहिले. ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा भेद ऐकू येत नसताना मुलांना तो पाठ करावा लागे. ‘ती मुलगी’ बिनटिंबाची आणि ‘तीं मुलें’ दोन टिंबांची. ‘पुणें’, ‘ठाणें’ यांवरही टिंब. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम ठरविले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. या नियमांनी न उच्चारले जाणारे, केवळ व्युत्पत्तीचे टिंब काढून टाकले. जे स्पष्ट उच्चारले जाते ते ठेविले, आणि अनेकवचनाच्या सामान्यरूपावरील टिंबही ठेविले.

हे शेवटचे टिंब लहान दिसते, पण त्यावर अर्थ अवलंबून असतो. ‘मुलाचा’ म्हणजे एका मुलाचा. ‘मुलांचा’ म्हणजे अनेकांचा. ‘त्याचा’ म्हणजे कोणा एकाचा. ‘त्यांचा’ म्हणजे अनेकांचा किंवा आदराने एकाचा. ‘वडिलांना’ या शब्दात टिंब आहे ते वडील अनेक म्हणून नव्हे, तर आदर आहे म्हणून. श्रुतलेखन घालताना शिक्षकांनी हे टिंब स्वतः स्पष्ट उच्चारले पाहिजे. आवाजात टिंब न आणता ते वहीत मागणे योग्य नव्हे.

सानुनासिक स्वर देशावरच्या बोलण्यातून गेला तरी सर्व ठिकाणांहून गेलेला नाही. कोकणी भाषेत नांव, गांव, पांच, दांत यांचे स्वर आजही नाकातून ऐकू येतात, आणि ‘ते’ व ‘तें’ यांचा अर्थ वेगळा राहतो. कोकणी घरातले मूल मराठी वर्गात ‘पांच’ म्हणते आणि वहीतही टिंब देते. या मुलाची चूक वास्तविक १९६२ च्या आधीची शुद्धता आहे. ‘तुझ्या घरी हा स्वर नाकात म्हणतात आणि तो बरोबर आहे, मराठीच्या वहीत मात्र टिंब देत नाहीत’, एवढे सांगणे पुरे. याउलट जुने पुस्तक वाचताना ‘नांव’ पुढे आले तर मुलांनी त्या टिंबाचा ‘नान्‌व’ करू नये, हेही सांगावे. तेथे टिंब स्वराचे होते, व्यंजनाचे नव्हते.

स्वराच्या खुणेचे व्यंजन कसे होते याची साक्ष आपल्या किनाऱ्यावरील गावांची नावेच देतात. पोर्तुगीज लेखनपद्धतीत शब्दाच्या शेवटी येणारे ‘एम’ हे अक्षर म्‌ म्हणून उच्चारले जात नाही. आधीचा स्वर नाकातून म्हणावा, एवढीच ती खूण असते. पोर्तुगीजांनी पणजी, डिचोली, शिवोली अशी नावे लिहिताना शेवटच्या ई पुढे हे अक्षर लावले. ती लेखनपद्धती न जाणणाऱ्या वाचकाने अक्षर पाहिले आणि ओठ मिटले; त्यातून ‘पंजिम’ हा उच्चार रूढ झाला. वसईचे नाव पोर्तुगीज कागदांत याच पद्धतीने लिहिले जाई. इंग्रजांच्या तोंडी शेवटी न्‌ येऊन त्याचे ‘बॅसीन’ झाले. मुंबईचे पोर्तुगीज नावही याच अक्षराने संपत असे. इंग्रजीत तो नाकाचा रंग पुरता गळून ‘बॉम्बे’ उरले. एकाच खुणेचे एका ठिकाणी म्‌, दुसऱ्या ठिकाणी न्‌ आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही असे तीन प्रकार झाले. डोळ्याने अक्षर पाहिले आणि कानाला विचारले नाही, म्हणजे राज्यकर्त्यांच्या हातूनही असे होते. मग सहा वर्षांच्या मुलाचे काय सांगावे?

आता चौथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट. काही मुले नाकात बोलतात ती सवयीने नव्हे, बोलीने नव्हे, तर टाळूचा पडदा नाकाची वाट बंद करू शकत नाही म्हणून. टाळू जन्मतः दुभंगलेली असली की असे होते. कधी वरचे आवरण अखंड असते आणि आतले स्नायूच जुळलेले नसतात; तेव्हा तोंडात पाहूनही सहज काही दिसत नाही. अशा मुलाचे ‘बाबा’ हे ‘मामा’सारखे आणि ‘दादा’ हे ‘नाना’सारखे ऐकू येते. प, त, क दुबळे होतात. स, श म्हणताना नाकातून फुसकारा येतो. पाणी पिताना ते नाकातून येते असे कधी घरचे लोक सांगतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा आवाजही नाकातला होऊ शकतो, कारण स्वतःच्या आवाजावर कानाचा पहारा नसतो. उलटपक्षी नाक सदैव चोंदलेले, तोंड उघडे टाकून श्वास घेणारे, म चा ब करणारे मूल असेल, तर नाकामागील गाठी वाढलेल्या असण्याचा संभव असतो. सर्दी गेल्यावरही उच्चार तसाच राहिला तर ती साधी सर्दी नव्हे.

येथे स्थानकांच्या नावांचा खेळ पुन्हा उपयोगी पडतो. ‘वाशी, सीवूड्स, दारावे, खारघर’ ही नावे मुलाने एकदा नाक मोकळे ठेवून आणि एकदा नाक धरून म्हणावीत. ‘काका, गाडी थोडी पुढे घ्या’ हे वाक्यही चालेल. त्यातही नाकातला वर्ण नाही. निरोगी मुलाच्या आवाजात दोन्ही वेळा फरक पडत नाही. फरक स्पष्ट पडत असेल तर जेथे हवा नाकातून जाता कामा नये तेथे ती जात आहे. ही परीक्षा एकट्या मुलास बाजूला घेऊन, सहज बोलल्यासारखी करावी. वर्गासमोर कदापि करू नये. शिक्षक हे वैद्य नव्हेत आणि त्यांनी रोगाचे नाव सांगू नये. त्यांचे काम नोंद करण्याचे आणि मूल योग्य हाती पोचविण्याचे आहे.

ते हात आज उपलब्ध आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात होते, आणि दुभंगलेले ओठ व टाळू तसेच बहिरेपणा यांचा त्यात समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येते तेव्हा शेकडो मुले रांगेत असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. त्या वेळात मुलाने तोंड उघडून ‘आ’ केले तरी त्याचे बोलणे पथकास ऐकू येईलच असे नाही. शिक्षकांनी ते वर्षभर ऐकलेले असते. ‘या मुलाचा ब हा म होतो, नाक धरल्यावर आवाज बदलतो’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पथकाच्या हाती दिली तर मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोचू शकते. शस्त्रक्रिया झाल्यावरही बोलणे एका दिवसात सुधारत नाही; पडदा नवा असतो आणि सवय जुनी असते. त्या काळात वाणी-उपचार करणाऱ्यांनी दिलेला अभ्यास शाळेत करवून घेणे हे शिक्षकांचे मोठे साहाय्य ठरते.

म्हणून नाकातल्या उच्चाराची चूक कानी पडताच शिक्षकांनी क्रमाने चार प्रश्न स्वतःस विचारावेत. पहिला : जिभेची जागा चुकली आहे काय? असल्यास जागा दाखवावी, नाक सोडून द्यावे. दुसरा : मुलाच्या घरी हा शब्द असाच म्हणतात काय? असल्यास घरच्या शब्दाचा मान राखून प्रमाण शब्द शेजारी ठेवावा. तिसरा : उच्चार बरोबर असून लेखनाचा नियमच ठाऊक नाही काय? असल्यास नियम सांगावा, कानाला दोष देऊ नये. चौथा : या तिन्हींनी उलगडा होत नाही काय? तर मुलास तपासणीसाठी पाठवावे, आणि तोवर त्याला ‘गेंगाणा’ हे टोपणनाव चिकटणार नाही याची दक्षता घ्यावी.

हे नाव एकदा चिकटले की सुटणे कठीण. ते मूल उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, कविता पाठ असूनही उभे राहत नाही. आणि वर्षाअखेर त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘तोंडी कामात कच्चा’ असा शेरा पडतो. तो शेरा लिहिण्यापूर्वी दोन बोटांची ती साधी परीक्षा झालेली असावी, आणि हे चार प्रश्न विचारले गेलेले असावेत.